छोटं अपडेट घेतलं आणि थीम उडाली: कंपोनंट लायब्ररीच्या व्हर्जन नंबरांचा वारंवार होणारा घोळ

लक्षणं साधारण अशी असतात. कंपोनंट लायब्ररीचं, म्हणजे बटणं, ड्रॉपडाउन असे स्क्रीनचे तयार तुकडे देणाऱ्या पॅकेजचं, किरकोळ अपडेट येतं, २.४.१ वरून २.५.० किंवा ०.३.८ वरून ०.४.०. बिल्ड होतं, टेस्ट पास होतात. डिप्लॉय झाल्यावर मात्र एखाद्या अ‍ॅपमध्ये निम्मी बटणं ठरलेल्या रंगात आणि निम्मी डीफॉल्ट करड्या रंगात दिसायला लागतात. कधी कन्सोलमध्ये ‘इनव्हॅलिड हुक कॉल’ची लाल ओळ येते, कधी ड्रॉपडाउन मोडलच्या मागे उघडतो. कोणीतरी नोड-मॉड्यूल्स फोल्डर उडवून पुन्हा इन्स्टॉल करतं. कधी चालतं, कधी नाही. शेवटी त्या अ‍ॅपची टीम लायब्ररीचा नंबर जिथल्या तिथे ठोकून टाकते आणि अपडेट घेणंच बंद करते. पुढच्या रिलीजला दुसऱ्या अ‍ॅपमध्ये हेच सगळं पुन्हा घडतं.

दर वेळी चर्चा ‘नंबर मायनर हवा होता की मेजर’ यावर होते (२.४.१ मध्ये २ हा मेजर, ४ मायनर आणि १ पॅच; मेजर वाढला म्हणजे जुना कोड तुटू शकतो). माझ्या मते खरी मुळं दोन आहेत. कोणतं पॅकेज कोणी आणायचं हे पॅकेज.जेसनमध्ये, म्हणजे पॅकेजच्या माहितीच्या फाइलमध्ये, चुकीच्या जागी लिहिलेलं असतं. आणि नंबर नेमकं कशाचं वचन देतो हे लायब्ररीने कुठेच लिहिलेलं नसतं. ही दोन्ही दुरुस्त झाल्याशिवाय नंबर वाढवायचं कितीही चांगलं टूल लावलं तरी त्रास थांबत नाही. खालचं सगळं रिअ‍ॅक्ट (स्क्रीन बनवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) आणि एनपीएम (पॅकेजं आणणारं टूल) धरून लिहिलंय, कारण हा प्रकार तिथे सर्वांत जास्त दिसतो.

आधी प्रती मोजा

एकाच पॅकेजच्या दोन प्रती शिरल्या आहेत का, हे सर्वांत आधी पाहायचं. बिघडलेल्या अ‍ॅपच्या फोल्डरमध्ये हे चालवा (‘@कंपनी’च्या जागी तुमचा स्कोप, म्हणजे पॅकेजच्या नावाआधीचं संस्थेचं नाव, घाला; कमांड इंग्रजी अक्षरांत टाइप करा):

एनपीएम एलएस रिअ‍ॅक्ट
एनपीएम एलएस @कंपनी/थीम

कोणी कोणाला आणलं याची उतरंड दिसेल. ‘डीड्यूप्ड’ असा शिक्का असलेल्या ओळींची काळजी नको, तिथे वरचीच प्रत वापरली गेली आहे. एकाच पॅकेजचे दोन वेगळे नंबर दिसले तर मात्र बाकी सगळं बाजूला ठेवा. दुसरी प्रत नेमकी कोणामुळे आली हे ‘एनपीएम एक्सप्लेन @कंपनी/थीम’ सांगतं. यार्न किंवा पीएनपीएम असेल तर ‘व्हाय’ ही कमांड तेच काम करते.

तारखा फॉरमॅट करणाऱ्या पॅकेजच्या दोन प्रती आल्या तर बंडल थोडं जाड होतं, एवढंच. यूआय लायब्ररीचं तसं नाही, तिचे तुकडे एकमेकांशी कॉन्टेक्स्टमधून (सामायिक माहिती आतल्या तुकड्यांपर्यंत पोचवायची सोय) बोलतात. थीम प्रोव्हायडर पहिल्या प्रतीच्या कॉन्टेक्स्टमध्ये रंग ठेवतो. दुसऱ्या प्रतीतून आलेलं बटण स्वतःच्या प्रतीच्या कॉन्टेक्स्टमध्ये शोधतं. तिथे काहीच ठेवलेलं नसतं, म्हणून ते डीफॉल्ट रंग उचलतं. एरर नाही, वॉर्निंग नाही. निम्मी बटणं करडी होतात ती अशी, आणि टेस्टमध्ये हे सापडत नाही कारण टेस्टमध्ये बहुधा एकच प्रत लोड झालेली असते. रिअ‍ॅक्टच्याच दोन प्रती आल्या तर हुक (यूजस्टेटसारखी खास फंक्शनं) मोडतात: रेंडर करणारी प्रत एक, यूजस्टेट ज्या प्रतीतून आलं ती दुसरी. रिअ‍ॅक्टच्या दस्तऐवजात ‘इनव्हॅलिड हुक कॉल’ची जी मोजकी कारणं दिली आहेत त्यांतलं हे एक आहे.

एक खूण लक्षात ठेवा. हा प्रकार फक्त तुमच्या लॅपटॉपवर होत असेल आणि सर्व्हरवर नाही, तर ‘एनपीएम लिंक’वर (लॅपटॉपवरचं लायब्ररीचं फोल्डर थेट जोडणारी कमांड) संशय घ्या. लिंक केलेली लायब्ररी स्वतःच्या फोल्डरमधला रिअ‍ॅक्ट उचलते आणि दुसरी प्रत तयार होते. त्यापेक्षा लायब्ररीत ‘एनपीएम पॅक’ चालवा आणि जी टीजीझेड फाइल तयार होते ती अ‍ॅपमध्ये इन्स्टॉल करा. पब्लिश होणार तीच वस्तू तुम्ही तपासता.

शून्याने सुरू होणारे नंबर

अंतर्गत लायब्रऱ्यांमध्ये दोन प्रती येण्याचं सर्वांत नेहमीचं कारण हे आहे, आणि ते बरेच जण वर्षानुवर्षं अंगावर काढतात. एनपीएम इन्स्टॉल करताना नंबरापुढे आपोआप कॅरेट (^) लावतं. ^१.४.२ म्हणजे १.४.२ पासून २.०.० च्या आतलं काहीही चालेल. पण पहिला आकडा शून्य असला की नियम आवळला जातो: ^०.४.२ म्हणजे ०.४.२ पासून ०.५.० च्या आत. ^०.०.४ म्हणजे फक्त ०.०.४.

आता बघा. अ‍ॅपने थीम ^०.४.० मागितली. फॉर्मच्या पॅकेजमध्ये अजून थीम ^०.३.२ लिहिलेलं आहे. दोन्ही अटी एका प्रतीत बसत नाहीत, म्हणून एनपीएम निमूटपणे दोन प्रती टाकतं. रिलीज करणाऱ्याच्या मनात ‘फक्त मायनर वाढवला’ असतं. एनपीएमच्या हिशेबाने तो मेजर बदल असतो.

उपाय सरळ आहे: लायब्ररी एखाद्या तरी प्रॉडक्शन अ‍ॅपमध्ये वापरात असेल तर तिला १.०.० द्या. सिमॅंटिक व्हर्जनिंगचं, म्हणजे या तीन आकड्यांचे नियम सांगणारं, स्पेसिफिकेशनही हेच सुचवतं. ‘अजून तयार नाही’ म्हणून ०.४७ पर्यंत ओढत नेण्यात नम्रता दिसते, पण त्याचा भुर्दंड अ‍ॅप बनवणाऱ्यांना पडतो. रिअ‍ॅक्ट स्वतः २०१६ साली ०.१४ वरून थेट १५.० वर गेला, तो प्रॉडक्शनमध्ये कधीचाच वापरला जात असल्यामुळे.

रिअ‍ॅक्ट आणणं अ‍ॅपचं काम

लायब्ररीच्या पॅकेज.जेसनमध्ये रिअ‍ॅक्ट, रिअ‍ॅक्ट-डॉम, स्टाइल्ड-कंपोनंट्स किंवा इमोशनसारखं स्टायलिंगचं पॅकेज आणि तुमचं स्वतःचं थीम पॅकेज ‘डिपेंडन्सीज’मध्ये असेल तर ते तिथून काढा. त्यांची जागा ‘पीअर-डिपेंडन्सीज’मध्ये आहे. विकासासाठी लागणारी नेमकी प्रत ‘डेव्ह-डिपेंडन्सीज’मध्ये वेगळी ठेवा. एका पानावर ज्याची एकच प्रत असायला हवी ते पॅकेज अ‍ॅपने आणायचं, लायब्ररीने फक्त ‘मला अमुक रेंज चालते’ एवढं सांगायचं.

ही रेंज हासुद्धा नंबराने दिलेल्या वचनाचा भाग आहे. आजवर ‘^१७.०.० || ^१८.०.०’ होतं आणि त्यात १९ ची भर घातली, तर मायनर. १७ काढून टाकला, तर मेजर, मग कोडची एक ओळही बदललेली नसो. एनपीएम ७ पासून पीअर पॅकेजं आपोआप इन्स्टॉल होतात आणि रेंज जुळली नाही तर ‘ई-रिझॉल्व्ह’ एरर देऊन इन्स्टॉलच थांबतं. आधीच्या काही आवृत्त्या फक्त वॉर्निंग देत. त्यामुळे १७ वर असलेल्या टीमची सकाळ तुमच्या त्या एका ओळीमुळे अडते, आणि ती ‘लेगसी-पीअर-डेप्स’चा झेंडा (ही तपासणी टाळणारा पर्याय) लावून पुढे जाते. तो झेंडा एकदा एनपीएमआरसी या सेटिंग्जच्या फाइलमध्ये शिरला की पुढचे सगळे खरे इशारेही गिळले जातात. कोणत्याही अ‍ॅपमध्ये तो दिसला तर तो कशासाठी लावला होता हे विचारा आणि कारण मिटवून काढून टाका.

पीअर सगळं नीट आहे आणि तरी दोन प्रतींची लक्षणं दिसतात? मग लायब्ररीची बिल्ड झालेली फाइल उघडून बघा. रोलअप या बिल्ड टूलला ‘रिअ‍ॅक्ट बाहेर ठेव’ असं सांगताना फक्त ‘रिअ‍ॅक्ट’ हे नाव दिलं असेल, तर ‘रिअ‍ॅक्ट/जेएसएक्स-रनटाइम’ हा उपमार्ग त्यात मोडत नाही आणि तो बंडलमध्ये भाजला जातो. बरीच वर्षं याचा काही त्रास होत नव्हता. डिसेंबर २०२४ मध्ये रिअ‍ॅक्ट १९ आला, त्यात एलिमेंटची अंतर्गत खूण बदलली, आणि अशा लायब्रऱ्या ‘जुन्या रिअ‍ॅक्टचं एलिमेंट रेंडर केलं’ अशी एरर देऊ लागल्या. एनपीएम एलएसमध्ये हे दिसत नाही, कारण ती प्रत पॅकेज म्हणून आलेलीच नसते. एक्स्टर्नलच्या यादीत नुसतं नाव देण्याऐवजी ‘रिअ‍ॅक्ट’ आणि त्याखालचे सगळे उपमार्ग पकडणारा पॅटर्न द्या.

अ‍ॅपच्या बाजूने तातडीची मलमपट्टी हवी असेल तर व्हीट या बिल्ड टूलच्या कॉन्फिगमध्ये ‘रिझॉल्व्ह.डीड्यूप’ किंवा एनपीएमचं ‘ओव्हरराइड्स’ वापरता येतं. ते तात्पुरतं आहे अशी तारखेसकट नोंद मात्र ठेवा.

प्रत एकच आहे, तरी तुटलं

इथे खरा प्रश्न सुरू होतो. सिमॅंटिक व्हर्जनिंगच्या स्पेसिफिकेशनची अगदी पहिली अट अशी आहे की सॉफ्टवेअरने आपला सार्वजनिक एपीआय (बाहेरच्यांनी वापरायचा भाग) जाहीर केलाच पाहिजे. मेजर-मायनर-पॅच हे सगळं त्यानंतर येतं. सर्व्हरच्या लायब्ररीत एपीआय म्हणजे फंक्शनांची यादी. ती कोडमध्येच दिसते. बटणाचा एपीआय कोणता? प्रॉप्स (कंपोनंटला बाहेरून देता येणारे पर्याय) तर आहेतच. पण लोक त्याच्या सीएसएस क्लासच्या नावावर स्वतःची स्टाइल चढवतात. त्याच्या आत स्पॅन आहे असं धरून सिलेक्टर लिहितात. टेस्टमध्ये रोल आणि लेबल शोधतात. त्याची उंची ४० पिक्सेल आहे असं गृहीत धरून शेजारचा इनपुट जुळवतात. वापरणारे पुरेसे झाले की दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर कोणी ना कोणी अवलंबून असतंच. गूगलमध्ये काम केलेले अभियंते हायरम राइट यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम हेच सांगतो.

सगळ्यालाच वचन मानलं तर दर आठवड्याला मेजर काढावा लागेल. काहीच मानलं नाही तर अ‍ॅप टीमचा विश्वास उडतो. म्हणून रेषा कुठे आहे हे रीडमीमध्ये साध्या शब्दांत लिहा. मी जी रेषा धरतो ती सांगतो. तुमची वेगळी असू शकेल, पण लिहिलेली असू द्या.

प्रॉप काढणं, त्याचं नाव किंवा डीफॉल्ट बदलणं हे मेजर. जाहीर केलेल्या सीएसएस व्हेरिएबलचं नाव बदलणं मेजर. रोल, फोकसचा क्रम किंवा कीबोर्डची वागणूक बदलणंही मेजर. हे शेवटचं बरेच जण सोडून देतात, पण स्क्रीन रीडर वापरणाऱ्या माणसासाठी तोच तर इंटरफेस आहे. अ‍ॅक्सेसिबिलिटीमधली चूक सुधारली तर पॅच. पण बटण होतं त्याची लिंक केली तर मेजर. आतली डॉम (एचटीएमएलची) रचना आणि हॅश लावलेली क्लासनावं यांचं वचन नाही, असं ठळकपणे लिहायचं. आणि ज्यांना आत हात घालायची गरज आहे त्यांच्यासाठी क्लासनेम, स्लॉट किंवा डेटा-अ‍ॅट्रिब्यूटचा अधिकृत रस्ता द्यायचा. रस्ता न देता नुसती मनाई केली तर लोक कुंपण ओलांडतातच, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

दिसण्यातल्या बदलांवर सर्वांत जास्त भांडण होतं. रंगाची छटा किंवा सावली बदलली तर मी मायनर देतो आणि चेंजलॉगमध्ये आधी-नंतरची चित्रं टाकतो. आकार, पॅडिंग, फॉन्टची रुंदी, म्हणजे शेजारच्या घटकांना ढकलणारं काहीही बदललं, तर मेजर. देवनागरी मजकूर असलेल्या स्क्रीनवर याची विशेष काळजी घ्या. ओळीची उंची थोडी कमी केली की इंग्रजीत काही फरक पडत नाही, पण वरचा रफार, अनुस्वार आणि खालचे उकार कापले जातात. व्हिज्युअल टेस्टमध्ये ‘सर्व्हिसेस’, ‘कुटुंब’, ‘मूल्यांकन’ असे शब्द असलेली एखादी स्टोरी (कंपोनंटचा नमुना दाखवणारं पान) ठेवा. लॅटिन अक्षरांच्या स्टोरीजमध्ये हे कधीच सापडत नाही.

दिसणं बदललं आणि कुठे नोंदच नाही, असं झालं की काय होतं याचं मोठं उदाहरण अँट डिझाइनचं आहे. २५ डिसेंबर २०१८ ला त्या लायब्ररीच्या बटणांवर अचानक बर्फ साठलेला दिसू लागला. तो कोड काही महिने आधीच्या रिलीजमध्ये गेला होता आणि तारीख उजाडल्यावर जागा झाला. नाताळशी ज्यांचा काही संबंध नाही अशा संस्थांच्या साइटवरही तो दिसला आणि तिथल्या डेव्हलपरांना उत्तरं द्यावी लागली. नंबर पाहून किंवा लॉकफाइल (इन्स्टॉल झालेले नेमके नंबर नोंदवणारी फाइल) ठेवून हे रोखता आलं नसतं. चेंजलॉगमध्ये एक ओळ असती तर लोकांना निर्णय घेता आला असता.

टाइप्सचं वेगळं सांगायला हवं. बटणाला ‘घोस्ट’ हा नवा व्हेरिएंट दिला. हे तर निव्वळ भर घालणं, म्हणून मायनर. पण कोणीतरी तुमचा व्हेरिएंटचा टाइप इम्पोर्ट करून प्रत्येक व्हेरिएंटसाठी आयकॉन ठरवणारा रेकॉर्ड लिहिला असेल, तर त्याचं टाइपस्क्रिप्ट आता ‘घोस्ट’ राहिला म्हणून अडतं. मी याला मायनरच ठेवतो, पण ‘यादी वाढू शकते’ असं त्या टाइपच्या वर लिहून ठेवतो. नवा प्रॉप सक्तीचा केला, तर मात्र मेजरला पर्याय नाही.

ही रेषा ठरली की बंप, म्हणजे कोणता आकडा वाढवायचा, हे कोण ठरवणार हा प्रश्न सोपा होतो. सिमॅंटिक-रिलीज हे टूल कमिट मेसेज वाचून नंबर ठरवतं. फक्त कोड असलेल्या पॅकेजला ते उत्तम आहे. यूआय लायब्ररीसाठी मला चेंजसेट्स हे टूल जास्त पटतं: प्रत्येक पुल रिक्वेस्टसोबत एक छोटी फाइल जाते, त्यात माणूस स्वतः मेजर-मायनर-पॅच निवडतो आणि वापरणाऱ्याला उद्देशून दोन ओळी लिहितो. रिव्ह्यू करणाऱ्याला त्या वाचता येतात. ‘फिक्स: पॅडिंग’ असा कमिट आपोआप पॅच होऊन निघून जात नाही. चेंजसेट्समध्ये एक खाच आहे. मोनोरेपोतलं (अनेक पॅकेजं असलेल्या एकाच रेपोतलं) थीम पॅकेज बाकीच्यांचं पीअर असेल आणि त्याला मायनर बंप मिळाला, तर डीफॉल्ट सेटिंगमध्ये त्यावर अवलंबून असलेल्या सगळ्या पॅकेजांना मेजर बंप मिळतो. ‘आपोआप ५.०.० कसं झालं’ याचं उत्तर तिथे असतं. पीअर रेंजच्या बाहेर गेल्यावरच बंप कर, असं सांगणारी सेटिंग प्रायोगिक पर्यायांत आहे.

थीम, आयकॉन, फॉर्म, टेबल अशी अनेक पॅकेजं असतील तर सगळ्यांना एकच नंबर द्यावा असं माझं ठाम मत आहे. आयकॉन ३.२ थीम २.९ शी जुळतं का, हे कोणालाही कोष्टकात शोधायला लागू नये. अँग्युलरमध्ये राउटरचं पॅकेज ३ वर आणि बाकीची २ वर होती, म्हणून २०१७ साली ३ गाळून सगळे एकत्र ४ वर गेले. एखाद्या पॅकेजचा नंबर काही बदल नसताना वाढेल. त्याने कोणाचं बिघडत नाही.

बीटा आणि टॅग

‘लेटेस्ट इन्स्टॉल केलं तर बीटा आलं’ ही तक्रार आली तर ‘एनपीएम डिस्ट-टॅग एलएस’ चालवून बघा. टॅग न देता पब्लिश केलं की जुनं एनपीएम त्या प्रतीला ‘लेटेस्ट’ ठरवतं. मेजर ३ निघाल्यावर जुन्या गिऱ्हाइकांसाठी २.९.४ काढलं, तरी तेच होतं आणि लेटेस्ट मागे सरकतं. सीआयच्या (आपोआप बिल्ड आणि पब्लिश करणाऱ्या व्यवस्थेच्या) स्क्रिप्टमध्ये बीटासाठी ‘नेक्स्ट’ आणि जुन्या मेजरसाठी ‘लेटेस्ट-२’ असा टॅग सक्तीने द्या.

बीटाचे नंबर ३.०.०-बीटा.९, ३.०.०-बीटा.१० असे टिंब देऊन लिहा. टिंब गाळून ‘बीटा१०’ लिहिलं तर तुलना अक्षरांच्या क्रमाने होते आणि ते ‘बीटा९’च्या आधी लागतं. बीटा वापरणाऱ्या अ‍ॅपने कॅरेट काढून नेमका नंबर लिहावा, कारण ^३.०.०-बीटा.१ ला पुढचे बीटाही चालतात आणि बीटा-बीटामध्ये काहीही बदलू शकतं. याच्या उलट, ‘^१८.०.० || ^१९.०.०’ या पीअर रेंजमध्ये १९ चा रिलीज कँडिडेट (अंतिम आवृत्तीच्या आधीची चाचणीची प्रत) बसत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये नेक्स्ट.जेएस (त्यावरच उभं असलेलं फ्रेमवर्क) १५ हा रिअ‍ॅक्ट १९ च्या रिलीज कँडिडेटवर आला तेव्हा असंख्य प्रोजेक्ट ई-रिझॉल्व्हवर अडकले होते.

चुकीचा नंबर बाहेर गेलाच तर

समजा २.५.० मध्ये ब्रेकिंग चेंज (जुना वापर तोडणारा बदल) गेला. ‘अनपब्लिश’कडे वळू नका. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड हे अकरा ओळींचं पॅकेज काढून घेतलं गेलं आणि बेबेल या टूलवर अवलंबून असलेले बिल्ड जगभर कोसळले. त्यानंतर एनपीएमने नियम कडक केले. सार्वजनिक पॅकेज ७२ तासांनंतर सहज काढता येत नाही, आणि काढलं तरी तो नंबर पुन्हा कधीच वापरता येत नाही. खासगी रजिस्ट्रीवर एखादा अ‍ॅडमिन तोच नंबर पुन्हा चढवू शकत असेल, तरी चढवू नका: लॉकफाइलमध्ये जुन्या फाइलचा हॅश असतो आणि ‘एनपीएम सीआय’ इंटिग्रिटी एरर देऊन सगळ्यांचे बिल्ड पाडेल.

लेटेस्ट टॅग आधी २.४.१ वर मागे न्या. एनपीएम कॅरेटमध्ये बसणारी लेटेस्ट प्रत पसंत करतं, त्यामुळे नव्या इन्स्टॉलना लगेच आराम पडतो. मग ‘एनपीएम डेप्रिकेट’ने २.५.० वर इशारा लावा. संदेशात काय तुटलं आणि कोणता नंबर घ्यायचा हे लिहा, नुसतं ‘वापरू नका’ नको. त्यानंतर जुनी वागणूक परत आणणारं २.६.० काढा. स्पेसिफिकेशनही अशा वेळी मागची सुसंगती परत आणणारा नवा मायनर काढायला सांगतं. तो बदल खरंच हवा असेल तर तो ३.०.० मध्ये जाईल, स्थलांतराच्या टिपणासह आणि जमलं तर कोडमॉडसह (जुना कोड आपोआप बदलून देणारी स्क्रिप्ट).

२.६.० निघाल्यावरही ज्या अ‍ॅपनी मधल्या काळात अपडेट घेतलं त्यांच्या लॉकफाइलमध्ये २.५.० तसंच बसलेलं असतं, आणि ती स्वतःहून हलणार नाहीत. सगळ्या रेपोंमध्ये लॉकफाइल शोधून त्या टीमना एकेक करून कळवा, आणि शक्य असेल तिथे अपडेटची पुल रिक्वेस्ट तुम्हीच उघडून द्या.